मिग-२१ : नाक, पाठ आणि शेपूट

मिग-२१ हे सोव्हिएत लढाऊ विमान, पण त्या नावाचे एकच एक विमान कधी नव्हतेच. १९५९च्या सुमारास उत्पादनाला लागलेले सडपातळ मिग आणि १९८०च्या दशकात कारखान्यातून बाहेर पडलेले जाड पाठीचे मिग शेजारी ठेवले, तर सारखे असे फारसे काही दिसत नाही. सारखे राहिले ते त्रिकोणी पंख. त्यांचा विस्तार सुरुवातीपासून शेवटपर्यंत ७.१५ मीटरच होता. बाकीचे विमान पंखांभोवती बदलत गेले. अशी अकरा हजारांहून अधिक विमाने बनली आणि त्यांच्या नावांना एफ-१३, पीएफ, एफएल, पीएफएम, एम, एमएफ, एसएमटी, बिस अशी शेपटे लागली.

स्केल मॉडेल बनवणाऱ्याची पंचाईत इथेच सुरू होते. एकाच घराण्यातल्या किटांमध्ये पंखांच्या स्प्रू (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी) बहुधा त्याच असतात आणि बदलतो तो धडाचा भाग. त्यामुळे डब्यात दोन प्रकारच्या शेपट्या निघतात, चाकांचे दोन जोड निघतात, आणि कुठला जोड घ्यायचा ते आपण ठरवायचे. प्रकारांचे तक्ते मिळतात, पण पाठ केलेले तक्ते आठवड्यात विसरतात. मला सोपे वाटते ते उलटे काम: एखादा अवयव का बदलला हे कळले की तो कुठल्या विमानावर असणार हे बरेचदा आपोआप कळते. प्रत्येक फुगवट्यामागे कुणा अभियंत्याची अडचण आहे.

सुरुवात नाकापासून. मिग-२१ हवा तोंडातूनच घेते आणि त्या तोंडात एक शंकू बसवलेला असतो. तो शोभेचा नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगाने येणारी हवा तशीच इंजिनच्या कॉम्प्रेसरवर आदळून चालत नाही, तिचा वेग आधी ध्वनीच्या वेगाखाली आणावा लागतो. हे काम एकाच सरळ आघात तरंगाने (हवा एकदम दाबणाऱ्या लाटेने) केले तर हवेचा बराचसा दाब फुकट जातो. शंकूच्या टोकापासून तिरपा आघात तरंग निघतो, हवा तिथे थोडी मंदावते, आणि उरलेले काम तोंडाच्या कडेपाशी होते. नुकसान पुष्कळ कमी. वेग वाढला की तरंग मागे झुकतो, म्हणून तो कडेवर नीट पडावा यासाठी शंकू पुढे सरकतो. एफ-१३ मध्ये त्याच्या तीन ठरावीक जागा होत्या, पुढच्या प्रकारांत तो वेगाप्रमाणे हवा तितका सरकू लागला.

एफ-१३ च्या शंकूत फक्त अंतर मोजणारे छोटे रडार होते. रात्री किंवा ढगांत शत्रूचे विमान शोधायचे तर मोठी अँटेना हवी, आणि ती ठेवायला शंकूशिवाय जागा नाही. पीएफ मध्ये आरपी-२१ रडार आले, शंकू जाडावला. जाड शंकूभोवतीने इंजिनला तेवढीच हवा मिळायची तर तोंड मोठे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. तोंडाचा व्यास सुमारे ६९० मिलिमीटरवरून ८७० पर्यंत गेला. १/७२ च्या मॉडेलवर हा फरक अडीच मिलिमीटरचा. आकडा किरकोळ वाटतो, पण बाजूने पाहिल्यावर लपत नाही: एफ-१३ पुढे निमुळते होत जाते, पीएफपासून पुढचे प्रत्येक नाक जवळजवळ सरळ नळीसारखे. चिनी जे-७ हे एफ-१३ वरूनच घडवले गेले, म्हणून तिथेही ते बारीक नाकच दिसते.

नाकाजवळचा दुसरा पुरावा म्हणजे वेग मोजणारी पिटो नळी. विमानाने न ढवळलेली हवा तिला लागते, म्हणून ती लांब पुढे काढलेली असते. एफ-१३ मध्ये ती नाकाखाली आहे आणि जमिनीवर असताना वर दुमडता येते. पीएफ, एफएल आणि पीएफएम मध्ये ती नाकाच्या वर, बरोबर मध्यरेषेवर आहे. एम, एमएफ आणि बिस मध्ये वरच, पण उजवीकडे सरकलेली. समोरून काढलेला एक बरा फोटो मिळाला तर अर्धी यादी इथेच गळते.

आता कॉकपिट. सुरुवातीच्या विमानांत कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचे पारदर्शक झाकण, समोरच्या काचेसकट एकसंध होती आणि पुढच्या बाजूने बिजागरावर उघडायची. कल्पना धाडसी होती. वैमानिक आसनासह बाहेर फेकला गेला की ही कॅनॉपीही त्याच्यासोबत जायची आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या माऱ्यापासून ढालीसारखे त्याचे रक्षण करायची. जमिनीजवळ मात्र हा सगळा खटाटोप उरकायला पुरेशी उंचीच मिळत नसे. पीएफएम मध्ये बाहेर फेकले जाणारे नवे केएम-१ आसन आले, समोरची काच धडाला पक्की झाली आणि उरलेली कॅनॉपी उजवीकडे उघडू लागली. पीएफ आणि पीएफएम यांत गोंधळ होत असेल तर समोरच्या काचेच्या मागची उभी चौकट बघावी, ती पीएफएमची. एफ-१३ च्या कॅनॉपीमागे आणखी एक छोटी काच असते, पण चेकोस्लोव्हाकियात बनलेल्या एफ-१३ वर तिथे धातूचा पत्रा आहे. त्यांना नुसत्या काचेवरून ओळखू पाहणारा हमखास चकतो.

सगळ्यात फसवी असते ती उभी शेपटी. नाक जाड झाले की गुरुत्वमध्याच्या पुढचा पृष्ठभाग वाढतो. विमान जरा तिरके झाले की हवा त्या नाकाला आणखी तिरके ढकलते. ते सरळ करण्याचे काम शेपटीचे, आणि दुर्दैवाने ध्वनीपेक्षा बऱ्याच जास्त वेगाला शेपटीचा जोर घटतो. उपाय एकच, शेपटी रुंद करा. ती टप्प्याटप्प्याने पुढच्या बाजूने रुंद होत गेली. पण हे रुंदावणे नावांच्या हिशेबाने झाले नाही. सुरुवातीची एफ-१३ अरुंद शेपटीची तर नंतरची रुंद. पीएफ मध्येही तीच गत. ब्रेक पॅराशूटचेही तसेच. आधी ते पोटाखाली मागच्या बाजूला होते, नंतर शेपटीच्या मुळाशी, धुराड्याच्या वर, एका लांबट नळीत गेले. तेव्हा शेपटीवरून प्रकार ठरवण्यापेक्षा उत्पादनाचा काळ ठरवावा. नवख्यांच्या हातून चुका इथेच सर्वांत जास्त होतात असे माझे मत आहे.

चाकांची गोष्ट लहान आहे. कच्च्या धावपट्टीवर उतरता यावे म्हणून मुख्य टायरचा व्यास ६६० मिलिमीटरवरून ८०० झाला. पाय आत घेतल्यावर चाक धडात उभे राहते, म्हणून पंखाच्या वरच्या बाजूला धडावरचा फुगवटाही मोठा झाला. एफ-१३ ची चाके जुनी, लहान; तरी तिच्यावर मोठी चाके लावलेली मॉडेले मी पुष्कळ पाहिली आहेत.

पाठीचा कणा हा इंधनाचा इतिहास आहे. मिग-२१ ची भूक मोठी आणि टाकी लहान, ही तक्रार जन्मापासूनची. धडात इंजिन ठासून भरलेले, पंख पातळ. जागा मिळाली ती पाठीवर. पीएफ मध्ये कॉकपिटमागे कणा उंचावला, एम आणि एमएफ मध्ये तो रुंद आणि सरळ झाला. मग एसएमटी मध्ये हाव सुटली. शेपटीच्या मुळापर्यंत जाणारे असे कुबड तयार झाले की इंधन वाढले, पण विमानाची स्थिरता बिघडली. बिस मध्ये त्यातून तोडगा निघाला: कणा एमएफपेक्षा भरदार, एसएमटीपेक्षा आटोपशीर. सँडपेपरने कणा घासून एमएफचे बिस करण्याच्या युक्त्या जुन्या मंडळींकडे असतात. माझा सल्ला, त्या फंदात पडू नये, कारण वळण नेमके शेपटीजवळ बदलते आणि तिथेच हात चुकतो.

शस्त्रांकडे पाहिले तर हिशेब झटपट होतो. एफ-१३ वर उजव्या बाजूला ३० मिलिमीटरची एक तोफ. पीएफ तोफेविनाच, क्षेपणास्त्रांच्या भरवशावर. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेल्या एफएल मध्येही आतली तोफ नव्हती, म्हणून १९७१ च्या युद्धात पोटाखाली जीपी-९ हा तोफेचा पेटारा लटकवला गेला. तो लावला की मधली इंधनटाकी लावता येत नाही, आणि मॉडेलवर दोन्ही एकदम दिसले तर जाणकार हसतो. एम पासून जीएसएच-२३ ही दुनळी तोफ पोटात अर्धवट बुडवलेली आहे आणि पंखांखाली शस्त्रे टांगायचे पायलॉन दोनऐवजी चार आहेत.

एम आणि एमएफ यांत खरा फरक इंजिनाचा, म्हणजे आतला. बाहेरून वेगळेपण शोधत बसण्यापेक्षा विमानाचा क्रमांक शोधावा.

रिव्हेटांचा मात्र अतिरेक होतो. तीन मिलिमीटर व्यासाचा रिव्हेट १/७२ मध्ये ०.०४ मिलिमीटर भरतो, म्हणजे डोळ्याला तो दिसतच नाही. किटवर कोरलेले टिंब हे सूचन आहे, माप नव्हे. त्यावर तासन्‌तास घालवून पिटो नळी चुकीच्या बाजूला चिकटवण्यात काय हशील?

एक अडचण मात्र कुठल्याही तर्काने सुटत नाही. विमाने दुरुस्तीला जातात आणि बदलून येतात. भारतीय बिसपैकी काहींची पुढे बायसन झाली. नवे कोप्यो रडार आले आणि समोरची तीन तुकड्यांची काच जाऊन एकसंध वक्र काच बसली. ती सप्टेंबर २०२५ पर्यंत उडत होती. म्हणजे त्याच विमानाचा जुना फोटो आणि नंतरचा फोटो, दोन्ही खरे, आणि मॉडेल दोन वेगळी. संग्रहालयातल्या विमानांवर तर चाके किंवा पायलॉन दुसऱ्याच विमानाचे असू शकतात. म्हणून शेपटीवरचा क्रमांक आणि फोटोचे साल जुळेपर्यंत डिकॅल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हे) पाण्यात टाकू नये.