दऱ्या आणि दर्या: संगणकातल्या अर्ध्या ‘र’ची पार्श्वभूमी

‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. पहिले शिकवतात, दुसरे स्वयंपाक करतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन. शाळेच्या व्याकरणात हा फरक दोन ओळींत उरकतात: आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर रफार, येत नसेल तर आडवा अर्धा र. हा आडवा र मुख्यतः ‘य’ आणि ‘ह’ला चिकटून येतो. पुऱ्या, किनाऱ्यावर, कुऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, ऱ्हस्व. इंग्रजी टाइपकारांना त्याच्या आकारात पापणी दिसली, म्हणून जागतिक कागदपत्रांत तो पापणीचा र म्हणून ओळखला जातो. हिंदीला आणि संस्कृतला त्याची गरज पडत नाही. मराठीखेरीज तो लागतो नेपाळी आणि नेवारीला.

मराठी मजकुरात ‘ऱ्य’ फुटला, शोधात सापडला नाही किंवा त्याचा रफार झाला, की लोक फाँटला दोष देऊन मोकळे होतात. बहुतेक वेळा फाँट निर्दोष असतो. घोळ त्याच्या खालच्या थरात, अक्षरांच्या क्रमांकांमध्ये आहे, आणि तो युनिकोडच्याही, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकाच यादीत क्रमांक देणाऱ्या मानकाच्याही, आधीपासून चालत आलेला आहे.

विंडोजपूर्वीच्या डॉस प्रणालीच्या काळात देवनागरीसाठी वेगळं हार्डवेअर लागायचं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ची. तिथलं जिस्ट कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवलं, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉस प्रोग्रॅममध्येही पडद्यावर मराठी उमटायची. अक्षरजुळणी कार्ड सांभाळायचं, प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही नसायचा. साठवणीसाठी वापरलेली सांकेतिक पद्धत म्हणजे इस्की. तिचा १९८८चा मसुदा १९९१मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झाला. एका बाइटचे खालचे १२८ क्रमांक इंग्रजीला, वरचे भारतीय लिपीला. गंमत म्हणजे सगळ्या ब्राह्मीकुलीन लिप्यांसाठी तक्ता एकच होता. लिपी बदलली, की त्याच क्रमांकाचं अक्षर बंगाली किंवा तमिळमध्ये दिसायचं. साहजिकच तक्त्यात सर्व लिप्यांच्या अक्षरांची बेरीज होती, आणि तमिळ-मल्याळमच्या कठोर र साठी देवनागरीतही खाली टिंब असलेला ‘ऱ’ आला. मराठीत पूर्ण ‘ऱ’ने सुरू होणारा किंवा संपणारा शब्द नाही. मग त्याचं अर्धं रूप मराठीच्या आडव्या र साठी वापरायचं ठरलं. नवीन क्रमांक खर्ची पडला नाही.

इन्स्क्रिप्ट कळफलकात हे आजही दिसतं. ‘र’ जे या कळीवर आणि ‘ऱ’ शिफ्ट धरून त्याच कळीवर. ‘ऱ्य’ हवा असेल तर शिफ्ट-जे, मग हलन्तासाठी डी, मग ‘य’साठी तिरप्या रेघेची कळ. शिफ्ट विसरलात की रफार पडलाच. इन्स्क्रिप्टवाल्यांच्या मजकुरात ‘किनार्यावर’ सापडतं त्याचं कारण बहुतेकदा हेच.

छपाईच्या दुनियेने मात्र इस्की फारशी जवळ केली नाही. डीटीपीवाल्यांनी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणाऱ्यांनी, सोपा रस्ता धरला: इंग्रजी फाँटमधल्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण, आयएसएमचे डीव्ही-टीटी फाँट असे कित्येक संच निघाले आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. दोनशेच्या आसपास जागांमध्ये काने, मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं सगळं कोंबलेलं. तिथे आडवा र हा एक सुटा तुकडा होता. दाबला की उमटला, वाद संपला! म्हणून जुने ऑपरेटर युनिकोडवर वैतागले यात नवल नाही. त्यांच्या हाताला जे एका कळीत मिळत होतं त्यासाठी आता तीन कळा आणि वर व्याकरण लागू लागलं.

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१मध्ये आली. देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८च्या मांडणीवर बेतलेला होता आणि त्याला ०९००पासून पुढचे १२८ क्रमांक मिळाले. र ०९३०वर, ऱ ०९३१वर, हलन्त ०९४डीवर (हे क्रमांक सोळाच्या पायाने मोजलेले, म्हणून त्यांत डीसारखी अक्षरंही येतात). इथे ‘र, हलन्त, य’ हा क्रम दिला तर नियमाने रफारच मिळतो: र्य. आडवा र हवा असेल तर काय करायचं, याची दोन उत्तरं प्रमाण ग्रंथात आहेत. इस्कीला धरून ‘ऱ, हलन्त’ हे एक. दुसरं ‘र, हलन्त’नंतर झीरो विड्थ जॉइनर, बोलताना झेडडब्ल्यूजे, म्हणजे २००डी हा अदृश्य जोडक. दुसरं उत्तर आवृत्ती २.०शी सुसंगती राखायला ठेवलं आहे, असं प्रमाण ग्रंथच सांगतो. मानकात एकदा शिरलेली वाट बंद करता येत नाही, कारण तोवर तिच्यावरून लोकांचा मजकूर गेलेला असतो.

कोणती वाट बरोबर, यावर जाणकारांत खडाजंगी होते. जोडकवाल्यांचा युक्तिवाद कमकुवत नाही. ‘दरी’त साधा र आहे, मग तिच्या अनेकवचनात मराठी वर्णमालेत नसलेला ऱ कुठून आला? नेपाळी मजकुरातही जोडकाचीच वाट सर्रास दिसते. पण जोडक ही फक्त दिसण्याविषयीची सूचना आहे, आणि शब्दाचा अर्थ तिच्यावर टांगणं घातक आहे. युनिकोडच्या मूळ क्रमवारी नियमांत झेडडब्ल्यूजेचं वजन शून्य. त्यामुळे जोडकाने लिहिलेल्या ‘दऱ्या’ची ‘दर्या’शी तुलना केली तर उत्तर ‘दोन्ही एकच’ असं येतं. ऱ वापरला तर निदान दुय्यम पातळीवर फरक उरतो. व्युत्पत्ती जोडकाच्या बाजूने असेल, व्यवहार ऱच्या बाजूने आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ‘दऱ्या’ हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. ऱच्या वाटेने लिहिला असेल तर द, ऱ, हलन्त, य, काना असे पाच क्रमांक, यूटीएफ-८ या साठवणीच्या रूढ पद्धतीत प्रत्येकी तीन म्हणून १५ बाइट. जोडकाच्या वाटेने सहा क्रमांक, १८ बाइट. समुद्रवाला ‘दर्या’ पुन्हा १५ बाइटचा, म्हणून नुसती लांबी मोजून निदान होत नाही. हेक्स एडिटर नसेल तर बॅकस्पेस पुरतो. शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून एकेक क्रमांक पुसत जा. काना आणि य गेल्यावर हलन्त पुसलात की ‘दऱ’ असं टिंब उरलं, तर मजकूर ऱचा. एक बॅकस्पेस जास्त लागून शेवटी साधा ‘दर’ उरला, तर जोडकाचा.

विंडोज २०००पासून देवनागरी युनिकोड सामान्य पीसीवर आला. सोबत आलेला मंगल फाँट र. कृ. जोशींनी रेखाटलेला. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूला मुंबईतून इंडलिनक्सचं, म्हणजे लिनक्स भारतीय भाषांत आणण्याचं, काम सुरू झालं. २००४मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून, म्हणजे श्रीलिपीवाल्यांकडून, घेतलेले लोहित फाँट जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले झाले. २०११मध्ये त्यांचा परवाना बदलून ओएफएल, म्हणजे खास फाँटसाठीचा खुला परवाना, झाला.

फाँट खुला झाला तरी अक्षरं जुळवणारा प्रोग्रॅम, म्हणजे शेपिंग इंजिन, वेगळाच. फाँटमध्ये आडव्या र चा आकार असतो, पण तो कधी वापरायचा हे इंजिन ठरवतं. पँगो या इंजिनाचे नियम वेगळे, क्यूटीच्या इंजिनाचे वेगळे, आयसीयूच्या इंजिनाचे आणखी वेगळे. एकाच लिनक्स पीसीवर, एकाच फाँटमध्ये, ग्नोम आणि केडीई या दोन डेस्कटॉपांच्या खिडक्यांत तेच जोडाक्षर निराळं दिसू शकायचं. बग कोणाकडे नोंदवायचा इथूनच भांडण. फाँटवाले इंजिनकडे बोट दाखवायचे, इंजिनवाले फाँटकडे. हार्फबझ या खुल्या इंजिनने यावर तोडगा काढला तो कष्टाचा होता: विकिपीडियातून काढलेल्या शब्दांच्या लांबलचक याद्या मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइब इंजिनमधून आणि आपल्या इंजिनमधून चालवायच्या, जुळत नाहीत ते शब्द मोजायचे, आणि आकडा खाली येईपर्यंत नियम दुरुस्त करायचे. लिब्रेऑफिसने २०१७च्या ५.३ आवृत्तीपासून सगळ्या प्लॅटफॉर्मवर हार्फबझ घेतलं. आज बऱ्याच ब्राउझरांतही तेच आहे, त्यामुळे ‘ऱ्य’ फुटलेला दिसणं दुर्मीळ झालंय. आता तो दिसतो बरोबर आणि हरवतो मागच्या बाजूला.

हरवण्याच्या नेहमीच्या जागा तीन. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना आडव्या र च्या तुकड्याला रफाराचा नियम लावला जातो. रफार जुन्या मजकुरात अक्षरानंतर टंकलेला असतो, तो उचलून अक्षराआधी न्यावा लागतो. आडवा र आधीच जागेवर असतो, त्याला हलवायचं नसतं. दुसरी जागा, ‘अदृश्य कचरा’ म्हणून सगळे झेडडब्ल्यूजे उडवणारी सफाईची स्क्रिप्ट. तिने जोडकवाल्या दऱ्यांचा समुद्र होतो. तिसरी जागा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब. ऱची फोड ‘र आणि नुक्ता’ अशी युनिकोडला मान्य आहे. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइलप्रणालीत फाइलचं नाव ‘वऱ्हाड’ दिलं तर ते फोडूनच साठवलं जायचं, आणि लिनक्सवर नेलं की दिसायला सारखी पण संगणकाच्या लेखी वेगळी अशी दोन नावं एका फोल्डरमध्ये सुखाने नांदायची. हिंदीतल्या ‘ज़’चा ‘ज’ करण्यासाठी नुक्ते काढणारा शोधाचा प्रोग्रॅम अशा फोडलेल्या मजकुरावर चालला, की आडवा र गेला.

सफाई करायचीच असेल तर क्रम पाळा. आधी मजकूर एनएफसी या जोडलेल्या अक्षरांच्या रूपात आणा, म्हणजे र आणि नुक्ता मिळून ०९३१ होईल. मग ०९३०, ०९४डी, २००डी या तिघांच्या जागी ०९३१, ०९४डी हे दोघं ठेवा. मराठीत त्या तिघांच्या क्रमाला दुसरा अर्थ नाही, त्यामुळे बेलाशक बदला. उरलेल्या जोडकांना हात लावायचा तो यानंतर. नुक्ते काढायचे असतील तर ‘ऱ’ला आणि फोडलेल्या ‘र’ला वगळा. क्रम उलटा झाला आणि जोडक आधी उडाले, तर ‘आचार्यांना’ कोणते आचार्य आणि कोणते आचारी हे शब्दकोशही सांगू शकत नाही. मूळ प्रत शोधावी लागते.