फुसफुस ऐकतो एक, बिल भरतो दुसरा

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत दोन मिनिटं उभे राहा. लेथ बंद, ड्रिल बंद, माणसं डबा उघडून बसलेली. तरी कुठूनतरी फुस्स आवाज येत राहतो आणि मधूनच कोपऱ्यातला कॉम्प्रेसर, म्हणजे हत्यारं चालवायला हवा दाबून भरणारं यंत्र, आपोआप सुरू होतो. काम काहीच नाही, मीटर मात्र फिरतोय.

हवा फुकट मिळते, दाबलेली हवा नाही. हवा दाबली की तापते आणि विजेचा मोठा हिस्सा त्या उष्णतेतच निघून जातो. 10 युनिट वीज घातली, तर हत्याराच्या टोकाशी जेमतेम 1-1.5 युनिटाचं काम पोचतं. म्हणून एअर गननं, म्हणजे दाबलेल्या हवेच्या झोतानं, कपड्यांवरची धूळ उडवणं महाग पडतं, आणि अंगाला धोक्याचंही आहे.

आता गळती. उदबत्तीच्या काडीएवढं, 1.5 मिलिमीटरचं छिद्र 7 बार (बाहेरच्या हवेच्या साधारण सातपट) दाबाला साधारण पाऊण किलोवॅट वीज खातं. दिवसाला 10 तास, महिन्याला 25 दिवस धरले, तर 185 युनिटांच्या आसपास. होज पाइपच्या एका सैल क्लॅम्पपायी!

मग तो क्लॅम्प कुणी आवळत का नाही? कामगार आळशी असतात, हे मला पटत नाही. मशीनवरच्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण बिल त्याच्या हातात कधी पडत नाही. मालक बिल पाहतो, पण त्यात ‘गळती’ असा रकाना नसतो. शिवाय सतत चालणारा आवाज काही दिवसांत मेंदूच वगळून टाकतो.

त्यातच कुणीतरी म्हणतं, “शेठ, हवा कमी पडतेय.” गळती शोधण्याऐवजी दाब वाढवला जातो. 1 बार वाढला की वीज 6-7 टक्के जास्त लागते, आणि वाढलेल्या दाबानं तीच छिद्रं आणखी हवा सोडतात. एकदा वाढवलेला दाब पुन्हा खाली आणायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

गळती मोजायला घड्याळ पुरतं. सगळी हत्यारं बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करा. तो 2 मिनिटं हवा भरून 6 मिनिटं थांबत असेल, तर 8 पैकी 2, म्हणजे त्याच्या क्षमतेतली 25 टक्के हवा गळतेय. हा आकडा ऑफिसातल्या फाइलमध्ये नको, मशीनशेजारच्या फळ्यावर लिहा. मग सांध्यांवर साबणाचं पाणी लावा आणि बुडबुडे येतील तिथे खडूनं खूण करा.