काटक कोणाला म्हणायचे? थंड, ओल्या बागेतील उष्ण प्रदेशी रूपाच्या झाडांची पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक घरांची मुले आता इंग्लंड, आयर्लंड किंवा स्कॉटलंडमध्ये स्थिरावली आहेत, आणि तिथे घराला लागून थोडी जमीन मिळाली की सोनटक्का, कर्दळ, निदान एखादी केळ लावावी असे त्यांना वाटू लागते. इकडून दिला जाणारा सल्ला बहुधा एकच असतो: तिकडे पाऊस भरपूर आहे, तेव्हा ही झाडे सहज लागतील. हा सल्ला मनापासून दिलेला असला तरी त्यात पावसाविषयीची एक मोठी गफलत आहे, आणि थंड प्रदेशातील बागायतदारांनाही तीच गफलत वेगळ्या बाजूने निस्तरावी लागली आहे.

ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे १८ महिने इंग्लंडमध्ये १८३६ पासूनच्या नोंदींतील सर्वांत ओले ठरले. त्या दीड वर्षात तिथे सरासरी सुमारे १,७०० मिलिमीटर पाऊस झाला. ठाण्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच याहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे झाडाच्या दृष्टीने पावसाच्या एकूण आकड्यापेक्षा तो कोणत्या ऋतूत पडतो, हे महत्त्वाचे ठरते. येऊरच्या डोंगरातील रानहळद, पेव आणि कळलावी मृगाच्या पावसावर उगवतात, ऊबदार ओलीत झपाट्याने वाढतात, आणि पावसाळा सरल्यावर पाने टाकून आपल्या कंदांसह कोरड्या, तापलेल्या मातीत पुढच्या जूनपर्यंत निजून राहतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉलमध्ये हाच क्रम उलटा होतो. तिथे झाड वाढते ते उन्हाळ्यात, आणि ज्या महिन्यांत त्याने निजायचे त्याच महिन्यांत रिमझिम पाऊस थांबत नाही, ऊन तिरपे पडते आणि माती सुकत नाही. कंद गोठून मरण्याआधी कुजून जातो.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न उभाच राहिला नाही, कारण ही झाडे काचेखाली ठेवली जात. १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरील कर रद्द झाल्यावर काचघरे स्वस्त होत गेली, आणि १८६० च्या दशकात लंडनच्या नदीकाठच्या एका सार्वजनिक उद्यानात केळी, कर्दळी आणि मोठ्या पानांची इतर झाडे उन्हाळ्यापुरती उघड्यावर मांडण्याची पद्धत लोकप्रिय झाली. थंडी येण्यापूर्वी ती पुन्हा आत जात असत. ही काचघरे कोळशावर तापवली जात, त्यामुळे पहिल्या महायुद्धातील कोळशाच्या टंचाईने या थाटाचा पाया खचला, आणि डर्बीशायरमधील एका उमराव घराण्याचे प्रचंड काचघर १९२० मध्ये पाडले गेले. समुद्रप्रवाहाच्या उबेमुळे कॉर्नवॉल आणि स्कॉटलंडचा पश्चिम किनारा येथील दऱ्यांत मात्र वृक्षनेचे आणि गनेरा ही अवाढव्य पानांची झाडे उघड्यावर टिकून राहिली. १९३८ मध्ये आसामातून सोनटक्क्याच्या कुळातील एक नारिंगी फुलांची, थंडीला बरीच दाद न देणारी जात ब्रिटनमध्ये नेली गेली.

खरी कलाटणी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस मिळाली. ससेक्स परगण्यातील एका नामवंत घराच्या बागेत जुना गुलाबांचा ताटवा मुळासकट काढून त्या जागी केळी, कर्दळी, डेलिया आणि रुंद पानांची झाडे लावण्यात आली. एका ख्यातनाम वास्तुरचनाकाराच्या आराखड्यातील ताटवा उखडणे हे अनेकांना अपवित्र वाटले. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता, कारण थकलेल्या मातीतील रोगट गुलाब वारशाच्या नावाखाली जपण्यापेक्षा त्या बंदिस्त, वारा अडवणाऱ्या जागेचा उपयोग करणे शहाणपणाचे होते. त्यानंतर उष्ण प्रदेशाचे रूप काचघराबाहेर उभे करण्याची चढाओढच लागली.

या चढाओढीत एका शब्दाने मोठा घोळ घातला, आणि तो शब्द म्हणजे ‘काटक’. ठाण्यात आपण काटक म्हणतो ते वैशाखातील उन्हात, पाणी घालायला कोणी नसतानाही बाल्कनीच्या कुंडीत तग धरणाऱ्या झाडाला. तिकडे काटक म्हणजे हिवाळा उघड्यावर काढणारे झाड. १९६० मध्ये अमेरिकेत त्यासाठी वर्षातील किमान तापमानांच्या सरासरीवर आधारलेले पट्टे ठरवले गेले. ब्रिटनमध्ये २०१३ च्या सुमारास जुनी चार पायऱ्यांची मोजणी मोडून सात मुख्य पायऱ्यांची नवी श्रेणी आली, ज्यात एक पायरी उणे ५ ते १ अंश सेल्सिअस आणि तिच्यापुढची उणे १० ते उणे ५ अंशांची आहे. दोन्ही पद्धतींत मोजले जाते ते तापमानच. माती किती ओली आहे, पाणी किती दिवस साचते, झाडाच्या मानेपाशी, म्हणजे खोड मुळांना मिळते तिथे, चिखल राहतो की नाही, याला त्या आकड्यात जागा नाही. त्यामुळे उणे ८ अंशांना टिकणारे म्हणून विकत आणलेले झाड उणे २ अंशांवर चिकणमातीत सडून जाते, आणि घेणाऱ्याला वाटते की आपली फसवणूक झाली.

केळीच्या बाबतीत हा घोळ आणखी वाढतो. जपानी केळ म्हणून ओळखली जाणारी, मूळ दक्षिण चीनची आणि खाण्याजोगी फळे न देणारी जात एका देशाच्या याद्यांत नाजूक ठरते, तर दुसऱ्या देशाच्या रोपवाटिका ती कडक थंडीतही जगते असे सांगतात. एकीकडे उभ्या खोडाचा विचार असतो, दुसरीकडे आच्छादनाखालील गड्ड्याचा. खोड गेले तरी गड्डा फुटतो, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण बागेला रूप हवे असते ते खोडामुळे, आणि दरवर्षी जमिनीपासून सुरुवात करणारी केळ सप्टेंबरपर्यंत पुरुषभर उंचीही गाठेल याची खात्री नसते. म्हणून खोडाभोवती जाळी उभारून त्यात पेंढा भरण्याची रीत पडली, आणि तो पेंढा भिजू नये म्हणून माथ्यावर झाकण ठेवावे लागते. झाकण विसरले तर थंडीपासून वाचवलेले खोड आतल्या आत कुजते.

डिसेंबर २०१० हा ब्रिटनमध्ये १०० वर्षांतील सर्वांत थंड डिसेंबर ठरला, आणि आयर्लंडसह अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे वाढलेली न्यूझीलंडची झाडे एका फटक्यात गेली. तेव्हापासून दोन तट पडले आहेत. एक तट पहिल्या गोठवणीनंतर कर्दळीचे आणि डेलियाचे कंद काढून जवळपास कोरडे, न गोठणाऱ्या जागी ठेवतो. दुसरा तट ते जमिनीतच ठेवून वर वीतभर कंपोस्ट किंवा सुका पाला घालतो. वाद घालणारे बहुधा तापमानाचेच दाखले देतात, पण निचऱ्याच्या, उतारावरील जमिनीत दुसरी रीत यशस्वी होते आणि भारी जमिनीत फसते, हा फरक पाहिला की वादाचे मूळ समजते. भारी मातीत खडी मिसळून वाफा वीतभर उंच केला तर कितीतरी कंद वाचतात, आणि हे काम आच्छादनाआधी करायचे असते.

गनेराचे प्रकरण अगदी अलीकडचे आहे. त्याची चिली देशातील जात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर इतकी माजली की २०१७ मध्ये युरोपात तिच्यावर बंदी आली. मग २०२३ च्या अखेरीस असे दिसून आले की ब्रिटनमध्ये निर्धोक ब्राझिली जात म्हणून लावली जाणारी झाडेही बहुधा तिच्याशी झालेल्या संकराची आहेत. ओल्या हवेला सर्वांत सहज जुळवून घेणारे झाडच तिथे लावण्यास अयोग्य ठरले.

सोनटक्क्यापुरते सांगायचे तर आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात फुलणारे ते पांढरे फूल तिथे कळी धरते तोवर ऑक्टोबर उजाडतो आणि थंडी त्या कळ्या मारते. त्यामुळे तिथे जमिनीत लावण्यासाठी हिमालयातील त्याचे लवकर फुलणारे, फिकट सुगंधाचे सगोत्रच घेतले जातात. ज्यांना आजोळच्या अंगणातील वासच हवा असतो, ते सोनटक्क्याचा गड्डा मोठ्या कुंडीत लावतात, हिवाळाभर ती घरात जेमतेम ओलसर ठेवतात आणि मार्चमध्ये खिडकीच्या उबेत आणतात, म्हणजे गोठण्याची भीती सरून कुंडी बाहेर जाईपर्यंत त्याला दोन महिन्यांची आघाडी मिळते.