सांधेबदल शस्त्रक्रिया आणि रुग्णशिक्षण

जॉइंट रिप्लेसमेंट करून घेणाऱ्या पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना ऑपरेशनच्या आधीपासून पुढचे काही महिने जी माहिती, सराव आणि धीर दिला जातो त्याला रुग्णशिक्षण म्हणतात. परदेशात याचे 'जॉइंट स्कूल' नावाने रीतसर वर्ग भरतात, आपल्याकडे मोठ्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट किंवा कोऑर्डिनेटर हे काम बघतात आणि बाकी ठिकाणी ओपीडीच्या गर्दीत जमेल तेवढं.

खुब्याच्या आधुनिक कृत्रिम सांध्याचं श्रेय इंग्लंडच्या जॉन चार्नली यांना जातं, १९६० च्या दशकात त्यांनी तो रुळवला. भारतात गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळ्यात गाजलेली केस म्हणजे पंतप्रधान वाजपेयी, २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचे दोन्ही गुडघे बदलले.

समजावायची सुरुवात बहुतेक वेळा गैरसमजापासून होते. अख्खा गुडघा कापून काढतात असं बऱ्याच जणांना वाटतं, पण खरं तर हाडांची झिजलेली टोकं तासून वर धातूचं आवरण बसवतात आणि मधे प्लॅस्टिकचा थर, एवढंच. मग ऑपरेशनच्या आधी करायच्या गोष्टी सांगायच्या: शुगर आटोक्यात आणणं, दातात किंवा कातडीवर कुठे इन्फेक्शन असेल तर ते बरं करून घेणं, तंबाखू-सिगरेट बंद, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून ठरवणं, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आधीच शिकून ठेवणं, कारण ऑपरेशननंतर दुखत असताना नवीन काही डोक्यात शिरत नाही.

आजकाल पेशंटला त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. खरी गडबड घरी गेल्यावर होते. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं म्हणून आजी ती घेऊन झोपतात, सूनबाईपण मायेने सरकवून देतात आणि गुडघा वाकडाच आखडतो, मग पाय सरळ व्हायला महिने लागतात. उशी किंवा टॉवेलची गुंडाळी घ्यायचीच तर टाचेखाली. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, काठी विरुद्ध हातात. खुब्याचं ऑपरेशन असेल तर सुरुवातीला मांडीवर मांडी टाकायची नाही, खाली वाकून चप्पल उचलायची नाही (किती दिवस ते सर्जनने कुठून चीर दिली त्यावर असतं). म्हणून हे सगळं पेशंटपेक्षा घरात जे दिवसभर जवळ असतात त्यांना शिकवणं जास्त कामाचं, आणि नेमके तेच समजावताना हजर नसतात, बरोबर आलेला असतो तो ऑफिसातून सुट्टी काढलेला मुलगा.

आपल्याकडचा आणखी एक प्रश्न पाश्चात्त्य पुस्तिकांत सापडत नाही तो जमिनीवर बसण्याचा. पंगत, पूजा, भारतीय संडास. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं बहुतेक सर्जन टाळायलाच सांगतात, तेव्हा कमोड किंवा कमोडची खुर्ची, बाथरूममध्ये धरायला दांडा ही सोय ऑपरेशनच्या आधी झालेली बरी.

पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं, जखमेतून पाणी किंवा पू येणं, ताप, यातलं काही झालं तर लगेच डॉक्टर गाठायचे, फिजिओच्या पुढच्या व्हिजिटची वाट बघायची नाही.

ऑपरेशनआधीच्या या शिक्षणाने दुखणं किती कमी होतं यावर २०१४ च्या कोक्रेन आढाव्यात (आधी झालेले अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) फारसा उत्साह दिसत नाही, नेहमीच्या काळजीपेक्षा फरक थोडाच निघाला. पण अपेक्षा जागेवर आणायला ते लागतंच, कारण गुडघा बदलला म्हणजे विशीतला पाय मिळाला असं होत नाही.

पैशाची बाजूही यातच आली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या (आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या) किमतींना कमाल मर्यादा घातली, कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूच्या साध्या सेटला तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये. ही मर्यादा फक्त इम्प्लांटची, पॅकेजची नाही, त्यामुळे बिलात इम्प्लांट वेगळं दाखवलंय का ते बघावं आणि त्याचे स्टिकर असलेला कागद फाईलमध्ये जपून ठेवावा, पुढे कधी सांधा परत बदलायची वेळ आली तर सर्जन आधी तोच मागतात.