सूर विरताना काय ऐकू येतं

स्टील गिटारचा जुना अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर, कसा आहे हे जोरात वाजवून कळत नाही. एक तार छेडायची, लोखंडी पट्टी तारेवर स्थिर धरायची आणि सूर पार विरेपर्यंत कान देऊन ऐकत राहायचं. अ‍ॅम्पचं दुखणं बहुतेक वेळा त्या शेवटच्या दोन-तीन सेकंदांत सापडतं.

असं का, ते वाद्यातच आहे. स्टील गिटारमध्ये बोटांनी तारा पडद्यांवर दाबत नाहीत. तारांवरून पट्टी सरकते, त्यामुळे एका सुरातून दुसऱ्या सुरात मींड घेत जाता येतं. सूर विरू लागला की वादक पायातला व्हॉल्यूम पेडल हळूहळू पुढे दाबतो आणि आवाजाची पातळी टिकवून धरतो. म्हणजे इतर गिटारवादक सुराचा जो भाग सोडून देतात, तोच भाग स्टील गिटारवाला मुद्दाम मोठा करून ऐकवतो. अ‍ॅम्पमध्ये बारीक खोट असेल, तर तीही सुराबरोबर मोठी होते.

हे वाद्य आणि अ‍ॅम्प यांचं नातं जुनं आहे. हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू यांना या वादनपद्धतीचं श्रेय दिलं जातं. 1932 मध्ये बाजारात आलेली रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ही व्यापारी यश मिळालेली पहिली इलेक्ट्रिक गिटार मानतात, आणि ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटारच होती. आपल्याकडे व्हॅन शिप्ले यांनी हे वाद्य घराघरांत नेलं, तर ब्रिजभूषण काबरा यांनी त्यावर रागसंगीत उभं केलं. कोल्हापूर सिनेमाचं गाव, पुढे ऑर्केस्ट्रांचं. त्यामुळे इथल्या पेठांमधल्या माळ्यांवर असे अ‍ॅम्प अजून निघतात, आणि ते भंगारात जाताना पाहून जीव तुटतो.

मंगळवार पेठेतल्या एका निवृत्त वादकाच्या अ‍ॅम्पची तक्रार त्यांनी एका वाक्यात सांगितली: “मोठ्यानं वाजवलं की ग्वाड वाजतंय बघा, पण सूर मरताना खरखरतंय.” त्या एका वाक्यात निम्मं निदान होतं.

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पच्या शेवटच्या टप्प्यात ट्रान्झिस्टरांची जोडी असते. ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक सांभाळतो, खालचा दुसरा. दोघांनी दोन टोकांनी ओढायची लाकूडकापीची मोठी करवत असते, तसं हे काम. एकाचं ओढणं संपायच्या आत दुसऱ्याचा हात तयार हवा, नाहीतर मध्ये गचका बसतो. सिलिकॉन ट्रान्झिस्टरला जागं व्हायला सुमारे 0.6 व्होल्ट लागतात. म्हणून दोघांनाही आधीपासून थोडा प्रवाह देऊन अर्धवट जागं ठेवतात, याला बायस म्हणतात. बायस कमी पडला, की लहर शून्य ओलांडताना क्षणभर दोघेही झोपलेले असतात. लहर 20 व्होल्टची असेल तर हा खड्डा कानाला जाणवतही नाही. तीच लहर विरत विरत एका व्होल्टवर आली, की खड्डा तिच्या निम्म्याहून मोठा होतो. सर्किटमधला फीडबॅक, म्हणजे आऊटपुटचा थोडा भाग परत आत देऊन चूक सुधारायची सोय, तो बराचसा बुजवतो, पण सगळा नाही. सूर मरताना खरखर ऐकू येते ती हीच.

बायस वाढवला की झालं, असं मात्र नाही. ट्रान्झिस्टर तापला की त्याला लागणारे ते 0.6 व्होल्ट दर अंशाला साधारण 2 मिलिव्होल्टनं उतरतात. म्हणजे तापला की जास्त प्रवाह, जास्त प्रवाह म्हणून आणखी ताप, आणि शेवटी ट्रान्झिस्टर जळतो. हे टाळायला बायस ठरवणारे डायोड ट्रान्झिस्टरच्याच हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला, टेकवून बसवतात. हीटसिंक तापली की डायोडही तापतात आणि बायस आपोआप खाली आणतात. जुन्या अ‍ॅम्पमध्ये हा डायोड हीटसिंकपासून सुटलेला असू शकतो, किंवा ट्रान्झिस्टरखालच्या अभ्रकाच्या चकतीवरची उष्णता पुढे नेणारी पांढरी पेस्ट वाळून तिची पूड झालेली असते. जुनी पेस्ट खरवडून नवीन लावणं हे अगदी स्वस्त काम आहे, आणि तरी बरेच जण तेच टाळतात. बायस मोजायला ट्रान्झिस्टरच्या एमिटर या टोकाला जोडलेल्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज बघायचा. 0.33 ओहमच्या रेझिस्टरवर 7 मिलिव्होल्ट दिसले, तर प्रवाह सुमारे 20 मिलिअँपिअर. योग्य आकडा प्रत्येक अ‍ॅम्पचा वेगळा असतो, तो त्याच्या सर्किट डायग्रॅममधूनच घ्यावा.

नीट थंड राहिलेला सिलिकॉन ट्रान्झिस्टर जुन्या काचेच्या व्हॉल्व्हसारखा झिजत नाही. म्हातारे होतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्या, ज्यांना जुने मेकॅनिक अजून कंडेन्सर म्हणतात. आत अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी असते, तिच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि भोवती रसायनात भिजलेला कागद. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं रसायन वाळत जातं. तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. वाळलेला कपॅसिटर साध्या मीटरवर कधी कधी ठीक दिसतो, पण त्याचा अंतर्गत रोध वाढलेला असतो आणि अ‍ॅम्प घरघरू लागतो. ही घरघरसुद्धा नीट ऐकावी. आपली वीज 50 हर्ट्झची. पॉवर सप्लायमधल्या डायोडांच्या ब्रिजमधून गेल्यावर ती 100 हर्ट्झची लहर होते, म्हणून 100 हर्ट्झची घरघर आली तर आधी पॉवर सप्लायच्या कपॅसिटरवर संशय घ्यावा. त्याहून एक सप्तक खालची, 50 हर्ट्झची घुमी असेल, तर दोष अर्थिंगमध्ये, शिल्डिंगमध्ये किंवा गिटारच्या केबलमध्ये शोधावा. ज्याचा कान सुरात आहे त्याला हा फरक मीटरशिवाय कळतो.

अ‍ॅम्प दुरुस्त करताना मी सगळे इलेक्ट्रोलिटिक बदलतो, पण फिल्म आणि सिरॅमिक कपॅसिटर चांगले असतील तर हात लावत नाही. टोनच्या भागातले मूळ सुटे भाग सरसकट उपटून टाकले की अ‍ॅम्प चालू होतो, पण त्याचा स्वभाव जातो. आऊटपुट ट्रान्झिस्टर बदलावेच लागले, तर खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावेत. 2एन3055 सारख्या जुन्या नावाजलेल्या नंबरांच्या बाजारात नकला फार आहेत. बाहेरचं धातूचं टोपण तेच, आत सिलिकॉनचा तुकडा मात्र लहान.

वर्षानुवर्षं बंद असलेला अ‍ॅम्प थेट प्लगमध्ये खुपसू नये. पहिल्यांदा स्पीकर सोडवून, 100 वॉटच्या जुन्या तारेच्या बल्बच्या सिरीजमध्ये तो लावावा. हा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध 529 ओहम असतो, थंड असताना जेमतेम 40 ओहमच्या आसपास. आत सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंदावतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटून राहतो, सगळा भार स्वतःवर घेतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. एलईडी बल्बला हे जमत नाही. डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर, असेल तर आणखी उत्तम, हळूहळू व्होल्टेज चढवला की कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर पुन्हा धरू लागतो. स्पीकर आधी न जोडण्याचं कारण साधं आहे. आऊटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल तर पॉवर सप्लायमधला, समजा 40 व्होल्ट, डीसी थेट स्पीकरच्या कॉइलवर जातो. 4 ओहमच्या स्पीकरची कॉइल म्हणजे साधारण 3.3 ओहम, म्हणजे 12 अँपिअर, म्हणजे जवळजवळ 480 वॉटची उष्णता. बघता बघता कॉइल करपते.

परदेशी अ‍ॅम्पचा प्रश्न वेगळा. पीव्ही या अमेरिकन कंपनीचे सेशन 400 आणि नॅशव्हिल 400 हे 15 इंची स्पीकरचे ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प पेडल स्टीलवाल्यांचे (पायाच्या पेडलांनी तारांचे सूर बदलता येणारी स्टील गिटार वाजवणाऱ्यांचे) लाडके, कारण पहिल्या ठोक्यालाही आवाज फाटत नाही. अमेरिकन बाजारासाठी बनलेला अ‍ॅम्प 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचा असतो. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतो, फ्रिक्वेन्सी उतरवता येत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातलं चुंबकत्व व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या प्रमाणात असतं. 120 व्होल्ट 50 हर्ट्झवर दिले तर ते 20 टक्क्यांनी वाढतं, गाभा संपृक्त होऊ लागतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. 100 व्होल्ट दिले तर हिशेब बरोबर मूळचाच राहतो. ताकद 70 टक्क्यांच्या आसपास येते, पण कानाला हा फरक दीड डेसिबलच्या आसपास, म्हणजे जेमतेम जाणवणारा. उद्यमनगरात मोटार रिवायंडिंग करणाऱ्याकडून 100 आणि 110 व्होल्टचे दोन टॅप (वेटोळ्यातून बाहेर काढलेली टोकं) असलेला स्टेप-डाऊन गुंडाळून घ्यावा.

रिवायंडिंगवाल्याची गरज आणखी एका कामी पडते. 2019 आणि 2021 च्या पुरात शाहूपुरी, लक्ष्मीपुरीकडे कितीतरी यंत्रं पाण्यात गेली. पाण्यात बसलेला अ‍ॅम्प वरून कोरडा दिसला तरी ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत ओल असते. मंद उष्णतेवर तो पूर्ण वाळवून, मेगर (जास्त व्होल्टेज देऊन मोजणारा मीटर) लावून इन्सुलेशन तपासल्याशिवाय वीज देऊ नये. साधा मल्टिमीटर ही ओल पकडत नाही, त्याचा व्होल्टेज फार कमी असतो.

काम झालं की काय काय बदललं, कोणत्या तारखेला, बायस किती मिलिव्होल्टवर ठेवला, कोणत्या टॅपवर चालवायचं, हे एका कागदावर लिहून खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवावं. पुढचा मेकॅनिक मागचं झाकण उघडेल तेव्हा मल्टिमीटर लावण्याआधी त्याला हेच आकडे लागतील.