बाळंतपणानंतरचं ‘वेड’ आणि मेंदूची सूज

‘ओली बाळंतीण, वारं लागलं’, नाहीतर ‘बाहेरचं झालंय’. बाळंतीण असंबद्ध बोलायला लागली, रात्र रात्र जागू लागली की आजही हेच कानावर येतं. वाऱ्याचा काही संबंध नाही. हजारात एक-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, तीव्र मनोविकार होतो आणि तो उपचारांनी बरा होतो.

पण ‘म्हणजे मनाचाच आजार’ हा शिकलेल्यांचा समजही अर्धवट. क्वचित मेंदूलाच सूज आलेली असते. एनएमडीए रिसेप्टरविरोधी एन्सेफलायटिस ही अशीच एक सूज. यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूवरच, म्हणजे मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए नावाच्या ग्राहकांवर (रिसेप्टर) उलटते. मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप डालमाऊ यांच्या गटाने २००७ मध्ये हा आजार ओळखला. त्याआधी अशा कितीजणी वेड्या ठरल्या असतील कोण जाणे.

शंका कधी घ्यायची? तिच्या तोंडाकडे बघा. जबडा उगाच हलतोय, ओठ चावले जातायत, जीभ आत-बाहेर होतेय. जोडीला झटके, ताप, किंवा तासन्‌तास एकाच जागी ताठ. मनोविकाराच्या औषधांनी अंग आणखी आखडलं तर शंका बळावते. एमआरआय नॉर्मल आला म्हणून सुटलो असं नाही, या आजारात तो बऱ्याचदा नॉर्मलच येतो. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्याची तपासणी लागते. (पाणी काढल्याने कंबर कायमची जाते, हीसुद्धा अफवाच.) अंडाशयात गाठ आहे का, तेही बघतात, असली तर काढतात. स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन ही उलटलेली प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं लवकर सुरू झाली तर बहुतेकजणी सावरतात, मात्र महिने लागतात.

डोकं असह्य दुखत असेल तर मेंदूच्या शिरेत गुठळी झालेली असू शकते. बाळंतिणीत तीही विसरून चालत नाही.