नांदूरमध्यमेश्वरचा हिवाळा आणि ‘पाणथळ’ शब्दाचा घोळ

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरला, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा बांधला गेला, तो कालव्यांसाठी. वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी इथे अडवायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी पुढच्या दुष्काळी पट्ट्याला पोहोचवायचं, एवढाच हेतू होता. पक्ष्यांचा विचार त्यात कुठेच नव्हता. पुढे दोन्ही नद्यांनी वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला. साठवण घटली, पाणी उथळ झालं, मधे बेटं उठली, काठाला पाणकणीस माजलं. चापडगाव, खानगाव थडी परिसरात आज पक्षी निरीक्षणाच्या मनोऱ्यावरून दिसतं ते हे गाळाने घडवलेलं रूप आहे.

1986 साली सुमारे 100 चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी भारतीय उपखंडात आशियाई पाणपक्षी गणना सुरू झाली आणि जानेवारीत पक्षी मोजायची रीत पडली. राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्यावरून या जागेला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतात. पक्ष्यांच्या संख्येवरून दिलेलं हे नाव दुसऱ्या अर्थानेही चपखल बसतं, कारण भरतपूरचं पाणीही माणसानेच बांध घालून खेळवलेलं आहे, तेही संस्थानी काळात बदकांच्या शिकारीसाठी.

खरा गुंता आहे ‘पाणथळ’ या शब्दाचा. पाणथळ जागा जपण्यासाठी झालेल्या 1971 च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या व्याख्येत नैसर्गिक आणि मानवनिर्मित, कायमचं आणि हंगामी, सगळं पाणी येतं. भारत 1982 मध्ये या करारात सामील झाला. देशांतर्गत नियम यायला मात्र 2010 उजाडलं, आणि 2017 मध्ये ते बदलून नवे आले. नव्या नियमांनी नदीचं पात्र, भातखाचरं आणि खास पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी, करमणुकीसाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले जलसाठे व्याख्येतून वगळले. या वगळण्याची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं की, प्रत्येक शेततळ्याला आणि धरणाला हे नियम लावले तर पाण्याचं नियोजनच अडेल. ही अडचण खोटी नाही. पण दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवरं आहेतच किती? इथलं बहुतेक पाणी कुणीतरी कधीतरी अडवलेलं आहे. ‘सिंचनासाठी बांधलेलं’ एवढ्या दोन शब्दांत महाराष्ट्रातल्या हिवाळी पाहुण्यांचे बहुतेक मुक्काम व्याख्येबाहेर गेले.

नांदूरमध्यमेश्वर त्यातून वाचलं, कारण त्याला वन्यजीव कायद्याचं छत्र आधीच होतं. जानेवारी 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. सिंचनाचा बंधारा एकीकडे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ठरतो आणि तसल्याच पाण्याचा शेजारचा पाझर तलाव देशाच्या नियमांत पाणथळच नसतो. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रामसरच्या यादीतलं क्षेत्र 1437 हेक्टर आहे, म्हणजे अभयारण्याच्या साधारण सातव्या हिश्शाएवढं.

पक्ष्यांना हद्द कळत नाही, पाण्याची खोली कळते. थापट्या आणि तलवार या बदकांना उथळ पाणी लागतं, काठावर चरणाऱ्या तुतवारांना ओला चिखल. कालव्याच्या आवर्तनासाठी, म्हणजे ठरलेल्या पाळीचं पाणी सोडण्यासाठी, बंधाऱ्यातली पातळी चढली की चिखल बुडतो आणि काठावरची पाखरं दुसरीकडे उठून जातात. जातात ती आजूबाजूच्या गावतळ्यांवर आणि पाझर तलावांवर. एखाद्या सकाळी मनोऱ्यावरून नुसतेच वारकरी पक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या दिसल्या, तर यंदा पक्षी आलेच नाहीत असं लगेच म्हणू नये. आधी पाणी किती आहे ते बघावं.

2017 मध्येच राज्यात धरणं-तलावांतला गाळ काढून शेतात टाकायची योजना सुरू झाली. शेतकऱ्याला सुपीक माती मिळते, तलावात पाणी वाढतं. तिचा फायदा उघड आहे. मात्र कुठल्या काठाचा गाळ काढायचा आणि कुठला उथळ काठ हिवाळ्यासाठी तसाच ठेवायचा, हे ठरवताना तो तलाव पाणथळ म्हणून कुठल्याच कागदावर नसेल, तर पक्ष्यांच्या बाजूने बोट ठेवायला नियम सापडत नाही.